कैरोचा किल्ला : दार कुठल्या बाजूला?

प्रश्न : कैरोत एकच सकाळ हाताशी आहे. सलाहुद्दीनचा किल्ला आणि सुलतान हसन मशीद दोन्ही होतील का?

उत्तर : होतील, फक्त शुक्रवार टाळा, दुपारच्या नमाजाला पर्यटकांना मशिदीत सोडत नाहीत. आधी किल्ला करा. नकाशात मशीद त्याला खेटून दिसते, म्हणून लोक समोरच्या बाब अल-अझब या किल्ल्याच्या दरवाजाकडे चालत जातात आणि फसतात. १८११ची मामलुकांची, म्हणजे इजिप्तच्या जुन्या लष्करी सरदारांची, कत्तल तिथलीच, पण पर्यटकांचं प्रवेशद्वार मागे, सलाह सालेम रस्त्यावर आहे. टॅक्सीवाल्याला तसंच सांगा. मशिदीत बूट काढावे लागतात, मोजे घाला. बायकांनी ओढणी ठेवावी. सुलतान हसनच्या चौकात मधोमध उभं राहून चारही उंच कमानी निवांत पाहा. सुन्नी पंथाच्या चार शाखांचे मदरसे चौकाच्या चार कोपऱ्यांत आहेत. तिथे घाई नकोच.