‘टेन-फोर’ म्हणजे होकार नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकी ट्रकचालक सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीच्या) रेडिओवर ‘टेन-फोर’ म्हणतात, त्याला मराठी उपशीर्षकांत ‘ठीक आहे’ लिहावं की ‘दहा-चार’? आणि हा आकडा आला कुठून?

‘दहा-चार’ नकोच, ते कार्यालयाची वेळ सांगितल्यासारखं वाटतं. ‘ठीक आहे’ त्याहून वाईट, कारण टेन-फोर हा होकार नाही, ती पोच आहे. तुमचं बोलणं मला ऐकू आलं, एवढंच. सांगितलेलं करीन असं त्यात कुठेही नाही. त्यासाठी रेडिओवर ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत सरळ ‘पोचलं’ लिहा. जाता जाता, ‘ओव्हर अँड आउट’ही थांबवा. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संपलं, उत्तर नको. दोन्ही एका दमात म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय?

आता त्या ‘टेन’कडे. हा शब्द ट्रकवाल्यांनी घडवला असं ठोकून सांगितलं जातं. साफ चूक. तो पोलिसांकडून आला. इलिनॉय राज्य पोलिसांच्या संपर्क विभागाचे प्रमुख चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास ‘टेन’ने सुरू होणारे हे आकडी संकेत बांधायला घेतले. गस्तीच्या गाडीतल्या रेडिओला प्रक्षेपणासाठी शेकडो व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी द्यायची जेमतेम ६ व्होल्ट. मध्ये असे डायनामोटर: एकाच दांड्यावर मोटर आणि जनित्र. माइकचं बटण दाबलं की तो फिरू लागे, पण पूर्ण वेग घ्यायला सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा जाई. तेवढ्यात बोललेलं पहिलं अक्षर हवेत पोचतच नसे. नुसतं ‘फोर’ म्हटलं तर ‘फो’ गिळला जाऊन उरे ‘र्र’. म्हणून पुढे बळी द्यायला एक बिनमहत्त्वाचं अक्षर ठेवलं: टेन. गेलं तर गेलं, आकडा शाबूत!

काही जाणकार म्हणतात की ‘टेन’ हे ऐकणाऱ्याने कान टवकारावेत म्हणून होतं, यंत्राचा संबंध दुय्यम. मला हे पटत नाही. कान टवकारायला गाडीचा क्रमांक आधी पुकारतातच, त्यासाठी प्रत्येक उत्तराआधी आणखी एक शब्द कशाला? हॉपर यांचं काम इलिनॉय पोलिसांच्या दहाव्या जिल्ह्यात चाले, म्हणून ‘दहा’ असंही सांगतात, ती तर निव्वळ आकड्यांची गंमत.

ट्रकवाल्यांकडे हे संकेत आयते आले. २७ मेगाहर्ट्झवरचा सीबी पट्टा १९५८ पासून होता, २३ चॅनेलांचा, ४ वॉट मर्यादेचा. रस्त्यावर तो पेटला १९७३ च्या तेलटंचाईत. डिझेल कुठे मिळतंय आणि ताशी ५५ मैलांची नवी मर्यादा राखायला पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे चॅनेल १९ वर कळे. मैलावर पगार मिळणाऱ्याला ही माहिती म्हणजे रोकड. ‘टेन-ट्वेंटी’ म्हणजे ठावठिकाणा. त्याचा ‘टेन’ गळून ‘तुझा ट्वेंटी काय?’ उरलं. ट्रान्झिस्टरच्या संचात डायनामोटर नव्हताच, तेव्हा ‘टेन’ गळायला हरकतही नव्हती. ‘टेन-फोर’चा मात्र का टिकला? माझा तर्क: ‘ट्वेंटी’ला उच्चारात दोन ठोके आहेत, एकाच ठोक्याच्या ‘फोर’ला अंग नाही.

उतरणही झपाट्याने आली. १ जानेवारी १९७७ पासून ४० चॅनेल झाले, १९८३ मध्ये परवान्याची अटच गेली, गर्दी आणि शिवीगाळ वाढली. १९७९-८० च्या सुमारास सौर डाग शिगेला होते. त्यामुळे आयनमंडलावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतणारे हजारो मैलांवरचे आवाज शेजारच्या ट्रकच्या बोलण्यावर चढत. उरलेलं काम मोबाइलने केलं. पोलिसांतही संकेत अडचणीचे ठरले: १०-५० म्हणजे अनेक ठिकाणी अपघात, काही दलांत वेगळंच काही, आणि सीबीवर तर ‘मध्ये बोलू द्या’. म्हणून अमेरिकी केंद्र सरकारने २००६ पासून अनेक यंत्रणांच्या एकत्र मोहिमांत साध्या भाषेचा आग्रह धरला.

पहिलं अक्षर मात्र आजच्या संचावरही कापलं जातं, कारण वेगळं. बटण पूर्ण दाबण्याआधीच लोक बोलू लागतात, शिवाय ऐकणाऱ्याचा स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडायला क्षण घेतो. बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, माइक तोंडापासून ५-७ सेंटिमीटरवर किंचित तिरका धरा, मग बोला. स्क्वेल्चचं बटण खरखर जेमतेम थांबेल इतकंच फिरवा. पुढे नेलंत तर दूरचा ट्रक ऐकूच येणार नाही, आणि तुमचं ‘पोचलं’ कशाची पोच देणार?