‘जाती’ की ‘प्रजाती’?

‘पक्ष्याची ही प्रजाती नामशेष झाली’ असे लिहावे की ‘ही जाती नामशेष झाली’, असा प्रश्न आहे. मराठीत हे दोन शब्द समानार्थी नाहीत आणि त्यांतला फरक कसोशीने पाळावा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी आहे. म्हणजे प्रजाती ही जातीहून एक पायरी वर असून तिच्यात बहुधा जवळच्या नात्यातील अनेक जाती सामावलेल्या असतात. हिंदीत मात्र वरच्या पायरीला ‘वंश’ आणि खालच्या पायरीला ‘प्रजाति’ म्हणतात. हा हिंदी शब्द बातम्यांत जसाच्या तसा उचलला गेला, की अर्थ एका पायरीने सरकतो. शिवाय रोजच्या बोलण्यात ‘जात’ हे एकवचन आणि ‘जाती’ हे अनेकवचन असल्यामुळे ‘ही एक जाती’ कानाला खटकते, पण शास्त्रीय परिभाषेत ‘जाती’ हे तत्सम एकवचनच आहे.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना सरसकट लावलेल्या द्विनाम पद्धतीत पहिले नाव प्रजातीचे असते आणि दुसरे जातीचा निर्देश करते. सिंह पँथेरा लिओ, वाघ पँथेरा टायग्रिस, बिबट्या पँथेरा पार्डस. तेव्हा ‘बिबट्याची प्रजाती धोक्यात’ असे लिहिले, तर वाघ-सिंहही त्यात ओढले जातात. हिमबिबट्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तो पूर्वी अन्सिया अन्सिया या नावाने स्वतंत्र प्रजातीत गणला जाई. डीएनएच्या अभ्यासातून तो वाघ-सिंहांच्याच शाखेवरचा असल्याचे दिसल्यावर त्याचे नाव पँथेरा अन्सिया झाले. त्याची जाती तीच राहिली, प्रजाती बदलली. दोन्ही संकल्पनांना एकच शब्द वापरणाऱ्याला हे साधे विधानसुद्धा करता येणार नाही.

काही मराठी लेखनात ‘प्रजाती’च्या जागी ‘वंश’ही आढळतो. तो चूक नाही, परंतु समान पूर्वजापासून फुटत गेलेल्या शाखांचा आलेख ‘वंशवृक्ष’ या नावाने रुळलेला असल्यामुळे ‘वंश’ त्या अर्थासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते.

विचारलेल्या वाक्यात, पक्षी एकाच प्रकारचा असेल, तर ‘ही जाती नामशेष झाली’ असेच लिहावे. डोडोबाबत मात्र दोन्ही वाक्ये खरी ठरतात, कारण राफस या प्रजातीत तेवढी एकच जाती होती.