विचारल्याने विचार रुजतो का?

प्रश्न : आमच्या शाळेतील माध्यमिक वर्गांत ताणतणाव आणि आत्महत्येचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली भरून घेण्याचे ठरले आहे. थेट विचारल्याने नसलेला विचार मुलांच्या मनात येईल, अशी काही पालकांना भीती वाटते. मी त्यांना काय सांगावे? – एक वर्गशिक्षिका

उत्तर : पालकांची भीती मायेपोटी आहे, पण अभ्यासाने तिला दुजोरा दिलेला नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले आणि उरलेल्यांना विचारले नाहीत. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा विचारलेल्या मुलांचा ताण किंवा आत्महत्येचे विचार वाढलेले आढळले नाहीत. नैराश्याची लक्षणे असलेल्या मुलांना तर, न विचारलेल्या तशाच मुलांपेक्षा, कमी ताण जाणवत होता.

मला काळजी वाटते ती प्रश्नावली भरून झाल्यानंतरची. उदाहरणार्थ, नैराश्याची लक्षणे तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण २७. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एखाद्या मुलीची बेरीज अवघी चार आली, पण नवव्या प्रश्नाला तिने शून्याखेरीज काहीही उत्तर दिले, तर केवळ बेरजेवरून याद्या करणाऱ्यांच्या नजरेतून ती निसटते. म्हणून ते उत्तर वेगळे आणि त्याच दिवशी वाचले पाहिजे, आणि त्याच दिवशी प्रशिक्षित समुपदेशकाने तिच्याशी एकांतात बोलले पाहिजे. विचार किती वेळा येतात, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, हे तिथेच कळते. धोका तातडीचा वाटला तर तिला एकटे सोडू नये, पालकांना बोलावून घ्यावे आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे पालकांना अवश्य सांगा. परीक्षेच्या धास्तीने गुण वाढतात, आणि शेजारचा डोकावतो म्हणून खचलेला मुलगाही सगळीकडे शून्य लिहितो. जिवाला धोका दिसल्यास मोठ्यांना सांगावे लागेल, ही कल्पना मुलांना आधीच द्यावी; गुप्ततेचे सरसकट वचन देऊ नये.

पालकसभेपूर्वी शाळेला एवढे विचारा, की ते कागद त्या दिवशी दुपारी कोण वाचणार आहे. नाव सांगता आले नाही, तर तारीख पुढे ढकलण्याचा आग्रह धरा.