जर्मनीला न नेऊन आपण बाबांवर अन्याय करतोय का?

कॅन्सरच्या घरांतून एक प्रश्न फार वेळा येतो, तोही बहुतेक पेशंट लिफ्टकडे गेल्यावर, दारात उभं राहून: "मॅडम, बाहेर काहीतरी नवीन निघालंय म्हणे. आम्ही कमी पडतोय का?" विचारलेलं असतं उपचाराबद्दल, पण आत खात असतं अपराधीपण. माझ्या मते उत्तर आधी उपचाराचंच द्यावं. माहिती न देता नुसता धीर दिला, की माणूस रात्री पुन्हा मोबाइल घेऊन बसतो.

चिंचवडचं एक कुटुंब माझ्याकडे येत होतं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडिलांची सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत, इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणाऱ्या भट्टीवर. मेंदूत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे झपाट्याने वाढणारी कॅन्सरची गाठ. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या सगळं होऊनही गाठ परत आलेली. थोरल्या मुलाला काकांनी व्हिडिओ पाठवला होता: गाठीत चुंबकीय नॅनोकण सोडायचे, बाहेरून चुंबकीय क्षेत्र द्यायचं, कण तापतात, कॅन्सरच्या पेशी मरतात. केमो नको, रेडिएशन नको. बाबांना त्यासाठी जर्मनीला न्यायचं म्हणून मुलाने तळेगावची जागा विकायला काढली आणि गोळ्या बंद करू या म्हणायला लागला. धाकटी बहीण त्याच्याशी बोलेनाशी झाली. बाबांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

मी बाबांनाही आत बोलावलं. व्हिडिओतली मूळ गोष्ट खरी आहे, हे पहिल्यांदा सांगितलं. लोहाच्या ऑक्साइडचे कण असे तापवण्याचा प्रयोग 1957 साली प्राण्यांच्या ऊतींवर झाला होता. पुढे बर्लिनमध्ये त्याचा उपचार तयार झाला आणि मेंदूच्या गाठींसाठी 2010 मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होते आणि त्यात कण तापतात.

बाबा एकदम सावरून बसले. "कॉइलमधला गज लाल होतो, ते मी आयुष्यभर पाहिलंय. पण तिथे गज कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. इथे कण सगळीकडे पोचले, हे कशावरून?"

अडचण नेमकी हीच आहे. कण जिथे असतात तिथेच ऊब पोचते, आणि ही गाठ आजूबाजूच्या निरोगी मेंदूत बारीक मुळं सोडते. जर्मनीतल्या ज्या अभ्यासाचा एवढा बोलबाला झाला, तो 2011 मध्ये छापून आला. त्यात 66 रुग्ण होते, त्यांतल्या 59 जणांची ग्लिओब्लास्टोमाची गाठ परत आलेली. गाठ परत आल्यापासून त्यांतले निम्मे रुग्ण 13.4 महिने किंवा त्याहून जास्त जगले. हा आकडा आशा दाखवणारा आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि सगळ्यांना सोबत रेडिएशन दिलेलं होतं. व्हिडिओने नेमकं तेच गाळलं होतं. शिवाय उपचाराआधी डोक्याजवळचा धातू काढावा लागतो, दातांतलासुद्धा, आणि नंतर त्या भागाचा एमआरआय नीट दिसत नाही. बाबांनी जीभ दोन दाढांवरच्या टोप्यांवर फिरवली. "म्हणजे दाढाही गेल्या, आणि गाठ कुठवर आली तेही कळणार नाही." ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, हेही मी सांगितलं.

मुलगा फाइलचं रबर काढत होता, लावत होता. मी विचारलं, "समजा जागा विकली, पैसे हातात आले. त्यातून तुमची कोणती टोचणी जाणार आहे?" बराच वेळ गेला. मग म्हणाला, "बाबा पहिल्यांदा डोकं दुखतंय म्हणाले, तेव्हा मी पित्ताची गोळी आणून दिली. दोन महिने तेच चाललं."

तळेगावच्या जागेमागे ही गोष्ट होती. मी तिच्यावर पांघरूण घातलं नाही. डोकेदुखीला पित्ताची गोळी घरोघरी देतात, हे खरं. पण त्याला माझ्या शब्दापेक्षा सर्जनचा शब्द हवा होता. "आधी कळलं असतं तर वेगळं काही केलं असतं का?" हा प्रश्न आम्ही कागदावर लिहिला आणि पुढच्या भेटीत त्याने तो बाबांसमोरच विचारला. दोन महिने आधी कळलं असतं तरी ऑपरेशन, रेडिएशन आणि गोळ्या हेच केलं असतं, असं सर्जननी सांगितलं. बाबा म्हणाले, "गोळी मीच मागितली होती रे."

बाबांनी गोळ्या चालू ठेवल्या. फेर-रेडिएशनचा निर्णय डॉक्टरांशी बोलून त्यांनी स्वतः घेतला. काकांनाही फोन त्यांनीच केला.

मुलाचं शोधणं मी थांबवलं नाही, थोडी दिशा दिली. भारतात औषधाची चाचणी सुरू होण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद करावीच लागते, आणि ती यादी कोणालाही फुकट बघता येते. चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवं. हे काहीच न दाखवता कोणी आधी रक्कम भरा म्हणत असेल, तर तिथून उठावं. बहीण आता त्याच्याबरोबर ती यादी बघते.