ग्लुऑनला वस्तुमान नाही, मग नुसत्या ग्लुऑनांच्या कणाचं वस्तुमान कसं काढतात?

तुम्ही विचारलंय की ग्लुऑन (प्रोटॉनमधल्या क्वार्कांना चिकटवून ठेवणारा कण) बिनवस्तुमानाचा असताना ग्लूबॉल, म्हणजे नुसत्या ग्लुऑनांचा कण, १७०० एमईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेचं एकक) आसपास, प्रोटॉनच्या (९३८) जवळजवळ दुप्पट जड कसा, आणि हा आकडा काढला कसा.

बेरीज इथे नाहीच. ग्लुऑनला स्वतःलाच रंगभार (विद्युतभारासारखा, पण क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचा) असतो, त्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. त्या गुंतलेल्या क्षेत्राची ऊर्जा हेच कणाचं वस्तुमान. (हे गणिताने काटेकोर सिद्ध करणाऱ्याला क्ले संस्थेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून तसंच पडून आहे.)

कागदावर हे सुटत नाही, कारण बल फार तगडं आहे. म्हणून केनेथ विल्सनने १९७४ मध्ये सुचवलेली वाट धरतात: अवकाश आणि काळ दोन्हीची जाळी करायची, म्हणजे लॅटिस. दोन शेजारी बिंदूंना जोडणाऱ्या प्रत्येक दुव्यावर ३ × ३ चा एक मॅट्रिक्स. तेच ग्लुऑन क्षेत्र. चार दुव्यांचा एक चौकोन घ्या, मॅट्रिक्सचा गुणाकार करून ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) काढा. एका क्षणाच्या सगळ्या चौकोनांची सरासरी घ्या आणि ती काही पावलं पुढच्या क्षणाच्या सरासरीशी कितपत जुळते ते पाहा. गणितात काळ काल्पनिक संख्येचा (i ने गुणलेला) धरलेला असतो, त्यामुळे हे जुळणं घातांकी वेगाने घटतं. कण जितका जड, तितकं भराभर. घटण्याच्या वेगावरून वस्तुमान वाचायचं, बस.

पुण्यात एम.एस्सी.ला असताना कर्वेनगरच्या खोलीत मी याची दोन रंगांची (तीनऐवजी दोनच रंगभार धरलेली) सोपी आवृत्ती चालवली होती. रात्रभर डेस्कटॉप घरघरत होता. सकाळी स्क्रीनवर ०.३६, ०.३६, ०.३६. आकडा घटायचं नावच नाही. म्हणजे वस्तुमान शून्य! मी खूश होऊन सरांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, निर्वात वजा केलंस का?" सर्वात हलक्या ग्लूबॉलचे गुणधर्म आणि रिकाम्या निर्वाताचे गुणधर्म सारखेच असतात. चौकोनाची सरासरी मुळातच ०.६ होती. ०.६ चा वर्ग ०.३६, तो वजा करायचा, आणि मग मागे जो चिमूटभर उरतो त्यात कण शोधायचा. दुसऱ्यांदा चालवताना मध्यरात्री लाइट गेली. मी मध्ये काहीच सेव्ह केलं नव्हतं, ते वेगळंच रामायण.

खरी मारामारी त्या चिमटीशीच आहे. जाळीचं अंतर ०.१ फेम्टोमीटर धरा (एक फेम्टोमीटर म्हणजे साधारण प्रोटॉनच्या आकाराचं अंतर). मग १७३० एमईव्हीच्या कणाचा सिग्नल दर पावलाला सुमारे ४२ टक्क्यांवर येतो, पाच पावलांत सव्वा टक्का उरतो. गोंगाट मात्र जागचा हलत नाही, आणि तो निम्मा करायचा तर चौपट संगणक-वेळ लागतो. यावरचा उपाय मला फार आवडतो: काळाच्या दिशेने जाळी पाचपट बारीक विणायची. मग एका पावलात सिग्नल ८४ टक्के टिकतो आणि घट नीट वाचता येते. अशाच असमान जाळीवर मॉर्निंगस्टार आणि पीअरडन यांनी १९९९ मध्ये काढलेले आकडे अजून सगळे उद्धृत करतात: सर्वात हलका सुमारे १७३०, स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) २ चा २४००, स्यूडोस्केलर (स्पिन शून्य, पण आरशातल्या प्रतिमेत चिन्ह बदलणारा) २५९०.

पण हे एमईव्ही आले कुठून? क्वार्क वगळलेल्या सिद्धांतात कुठलंच माप आधी दिलेलं नसतं. संगणक देतो ती नुसती गुणोत्तरं, आणि एमईव्हीसाठी पट्टी बाहेरून लावावी लागते, उदाहरणार्थ जड क्वार्कांमधल्या बलावरून ठरवलेलं अर्ध्या फेम्टोमीटरचं अंतर. म्हणून १७३० पेक्षा २४०० भागिले १७३०, म्हणजे सुमारे १.३९, यावर माझा भरवसा जास्त.

निसर्गात क्वार्क वगळता येत नाहीत. हलका ग्लूबॉल साध्या मेसॉनांत (क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीच्या कणांत) मिसळतो, त्यामुळे एफ-शून्य (१५००) आणि एफ-शून्य (१७१०) या प्रयोगात दिसलेल्या कणांपैकी (कंसात वस्तुमान) कुणात त्याचा वाटा जास्त यावर वाद चालूच आहे. स्यूडोस्केलरसाठी चीनमधल्या बीईएस-३ प्रयोगाच्या एक्स (२३७०) कडे बघा. त्याची स्पिन-पॅरिटी (स्पिन आणि आरशातलं चिन्ह) २०२४ मध्ये ठरली, ती स्यूडोस्केलरला हवी तशीच निघाली.