वाचकांचे प्रश्न : लाईट परत येते तेव्हा अॅम्प का जातो?

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे मिक्सर, दोन पॉवर अॅम्प आणि ५ केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर आहे. तरीही लाईट जाऊन आली की एखादा अॅम्प बसतो. स्पाइक गार्ड दोनदा बदलून झाले. आता काय करावे?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : स्टॅबिलायझर असूनही अॅम्प जातो असे तुम्हाला वाटते, पण स्टॅबिलायझरमुळेच जात असण्याची शक्यता अधिक. संध्याकाळी लाइनवर १८० व्होल्ट असले तर सर्वोमध्ये मोटर ज्याला सरकवून व्होल्टेज जुळवते, तो कार्बन ब्रश व्होल्टेज वाढवण्याच्या बाजूला सरकून बसतो. नेमकी तेव्हा लाईट गेली की मोटर थांबते आणि ब्रश आहे तिथेच राहतो. लाईट परत येताना लाइनवर २४५ असतील, तर ब्रश मागे येईपर्यंत आउटपुटला सुमारे ३१३ व्होल्ट निघतात. सेकंद-दोन सेकंदच, पण तेवढे पुरतात. ज्या अॅम्पच्या सप्लायला एरवी अधिक-उणे ७० व्होल्ट डीसी असते, तिथे ते ९५ होते आणि फिल्टर कॅपॅसिटर असतो ८० व्होल्टचा. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असलेल्या अॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या कॅपॅसिटरवर ४४० येतात. गेलेला अॅम्प उघडून बघा: कॅपॅसिटरचा माथा फुगलेला किंवा चिरलेला असेल, तर कारण हेच धरा. हात घालण्याआधी प्लग काढा आणि कॅपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री करा.

उपाय असा, की लाईट आली तरी अॅम्प आपोआप सुरू होता कामा नये. स्टॅबिलायझरच्या आउटपुटला ३२ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळते तोवरच जोडून राहणारा मोठा स्विच) लावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून न्या. कॉइलसाठी फेज आधी लाल बटणातून (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे दाबल्यावर तुटणारे), मग हिरव्यातून (नॉर्मली ओपन, म्हणजे दाबल्यावर जोडणारे) कॉइलच्या ए१ टोकावर, दुसरे टोक ए२ न्यूट्रलला. कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, बहुधा १३-१४ छापलेला, हिरव्या बटणाला समांतर, म्हणजे बटण सोडले तरी कॉइल चालू राहते. विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये असते तीच जोडणी, कोणताही वायरमन डोळे मिटून करेल. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो. आल्यावर सर्वो सावकाश जागेवर येतो, माणूस मीटर बघतो आणि मग हिरवे बटण दाबतो. सगळे सामान महाराणी रोडवर मिळते.

यात एक उणीव राहते. कॉन्टॅक्टर कमी व्होल्टेजला सुटतो, जास्तीला नाही. म्हणून ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तोडणारा) घ्या आणि त्याचा कॉन्टॅक्ट कॉइलच्या सिरीजमध्ये टाका. वरची मर्यादा २६० आणि खालची १८० ठेवा. हा खर्च टाळू नका, कारण उत्सवात खरा घात न्यूट्रल करतो. तीन फेजच्या तात्पुरत्या जोडणीत न्यूट्रलचा सांधा ढिला झाला, की ज्या फेजवर भार कमी तिथले व्होल्टेज ४०० कडे धावते. त्यापुढे स्टॅबिलायझर आणि स्पाइक गार्ड दोन्ही निरुपयोगी. तपासणी सोपी आहे. मंडपात भार चालू असताना मल्टीमीटरने तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा. एकावर २७०, दुसऱ्यावर १८० आणि फेज-फेजमध्ये मात्र ४०० दिसले, तर न्यूट्रल गेलाच समजा. तिथेच मेन बंद करा. दोष खांबाकडचा असेल तर १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर कळवा, आपला माणूस खांबावर चढवू नका.

स्पाइक गार्डमध्ये असते काय? एक एमओव्ही, म्हणजे नखाएवढी गोल चकती. १४डी४३१ छापलेली चकती २७५ व्होल्ट एसीची असते. मायक्रोसेकंदांचा झटका ती गिळते, पण चढलेले व्होल्टेज सेकंदभर टिकले तर जळते. जळल्यावरही बोर्ड साध्या एक्स्टेन्शनसारखा चालू राहतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. दोनदा बदलून फरक पडला नाही, यात नवल नाही.

प्रश्न : घरच्या अॅम्पमध्ये ५०० व्हीएचा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आहे. चालू करताना कधीकधी ६ अँपिअरचा एमसीबी पडतो. १६ चा लावू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नको. एमसीबी वायरीसाठी असतो, १६ च्या मागे पातळ वायर राहिली तर तीच तापेल. इथे बाहेरून काही आलेले नाही. टोरॉइडचा गाभा आणि रिकामे कॅपॅसिटर पहिल्या क्षणी स्वतःच प्रचंड करंट ओढतात. बी प्रकारचा ६ अँपिअरचा एमसीबी १८ ते ३० अँपिअरला झटक्यात पडतो, सी प्रकारचा ३० ते ६० ला. 'कधीकधी' यासाठी, की एसीच्या लाटेच्या कोणत्या बिंदूवर स्विच लागतो त्यावर सगळे ठरते.

सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा करंट अडवणारी जोडणी बसवा. १०० ओहम, १० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर समांतर जोडून प्रायमरीच्या सिरीजमध्ये टाका. शिखरालाही करंट साडेसहा अँपिअरच्या आत राहतो. अर्ध्या सेकंदाने १६ अँपिअरच्या रिलेने ते शॉर्ट करा. रिले लागलाच नाही तर रेझिस्टर लाल होतील, म्हणून त्यांना टेकवून १३० अंशांचा थर्मल फ्यूज सिरीजमध्ये हवाच. सोल्डर करताना त्याची तार चिमट्यात धरा, नाहीतर फ्यूज तिथेच उडतो.

नुसता १० ओहमचा एनटीसी (गरम झाला की रोध कमी होणारा रेझिस्टर) स्वस्त पडतो, पण थंड व्हायला त्याला मिनिटभर लागते. लाईट दोन सेकंदांत परत आली तर तो गरमच असतो, आणि गरम एनटीसी अडवतो काय?

प्रश्न : चालू करताना स्पीकरमधून 'धप्प' आवाज येतो. धोका आहे का?

उत्तर : ट्वीटरला आहे. आधी मिक्सर, दहा सेकंदांनी अॅम्प. बंद करताना आधी अॅम्प. तरीही आला तर यूपीसी१२३७ आयसीचे स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड लावा. ते स्पीकर काही सेकंद उशिरा जोडते आणि आउटपुटला डीसी आले तर तोडतेही. बोर्डावरचा रिले मात्र अॅम्पच्या मानाने मोठा निवडा.