अननसाचं रायतं कडू का होतं?

प्रश्न : सकाळी केलेलं अननसाचं रायतं दुपारच्या जेवणापर्यंत कडू होतं. दही बदललं, अननस बदलला, फरक नाही. शिऱ्यात मात्र तोच अननस गोड लागतो.

उत्तर : अननसही चांगला, दहीही चांगलं, दोघांचं जमत नाही एवढंच. अननसात ब्रोमेलेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ते दह्यातल्या केसीन या प्रथिनाच्या लांब साखळ्या कापतं. त्यातून सुटलेले काही छोटे तुकडे, विशेषतः ल्युसिन, फेनिलॲलानिन अशी पाण्याशी न जमणारी अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले दुवे) असलेले, जिभेला कडू लागतात. एक साखळी कापली की विकर मोकळं होऊन पुढची धरतं, स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून फोडी कमी घातल्या तरी कडवटपणा उशिरा येतो, पण येतोच. फ्रिजमध्येही काम मंदावतं, थांबत नाही.

शिऱ्यात अननस शिजतो, तिथे प्रश्न मिटतो. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे विकराच्या रेणूची घडी विस्कटते आणि कापणारी जागाच मोडते. रायत्यासाठी 2 वाट्या बारीक फोडींना 2 चमचे साखर लावा, झाकण ठेवा, रस उकळायला लागला की आणखी 5 मिनिटं शिजवा. पूर्ण गार झाल्यावरच दह्यात घाला. नुसत्या कोमट करू नका; 50-60 अंशांना ब्रोमेलेन उलट जोमात असतं. उकळतं पाणी ओतून लगेच निथळलं तर फोडीचं पोट गारच राहतं. डब्यातला अननस तापवलेला असतो, तो थेट चालतो.

प्रश्न : मग प्रथिनं पचवणारी आपली विकरं स्वादुपिंडालाच का पचवत नाहीत?

उत्तर : कारण तिथे ती म्यानात असतात. स्वादुपिंड प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन नव्हे, त्याचं निष्क्रिय रूप ट्रिप्सिनोजेन बनवतं. लहान आतड्यात एन्टेरोपेप्टिडेज हे विकर त्याच्या टोकाचा तुकडा छाटतं, तेव्हा ट्रिप्सिन जागं होतं. मग तेच बाकीच्या ट्रिप्सिनोजेनला आणि कायमोट्रिप्सिनोजेन या दुसऱ्या निष्क्रिय विकरालाही जागं करतं. चुकून एखादा रेणू स्वादुपिंडातच जागा झाला, तर तिथलं एक रोधक प्रथिन त्याच्या कापणाऱ्या जागेत घट्ट बसतं. शिवाय ट्रिप्सिन दुसऱ्या ट्रिप्सिनलाही 122व्या अमिनो आम्लापाशी कापून निकामी करतं. काही कुटुंबांत जनुकीय बदलामुळे त्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. ट्रिप्सिनला तिथे कापता येत नाही, आणि अशा घरांत स्वादुपिंडाला वारंवार सूज येण्याचा आजार लहान वयातच दिसतो.